लग्नाचा की नोकरीचा?

साताऱ्याच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सची दुकानं आहेत, त्यातल्या एकात भर दुपारी गर्दी होती. काउंटरपाशी एक बाई, आणि त्यांच्या मागे अंग चोरून उभा असलेला त्यांचा पंचविशीतला मुलगा. “दादा, याचा बायोडाटा करून द्या.” दुकानदारानं मान वर न करताच विचारलं, “लग्नाचा की नोकरीचा?” मुलगा लाजला, रांगेतले दोघेतिघे हसले. “नोकरीचा,” बाई म्हणाल्या. दुकानदारानं डेस्कटॉपवरची कुणाची तरी जुनी फाइल उघडली, आधीच्याचं नाव खोडून नवं टाकलं. “काम काय करतो?” “क्वालिटीला आहे,” मुलगा पुटपुटला. त्यावर आईनं, कुणी विचारलं नसताना, पुढचं सांगून टाकलं. “शिरवळला कंपनीत भोकं मोजतो. एक भोक जरी मोठं सुटलं, तरी समोरच्या कंपनीचा माणूस रात्री-अपरात्री फोन करतो याला.” दुकान पुन्हा हसलं. दुकानदारानं टाइप केलं: हार्डवर्किंग, सिन्सिअर, क्विक लर्नर.

ते हसू काही डोक्यातून जाईना. त्या मुलाच्या कामाबद्दल दुकानात एकच उपयोगाचं वाक्य बोललं गेलं होतं, आणि तेवढंच नेमकं कागदावर आलं नाही.

लग्नाचा बायोडाटा आपल्याकडे कसा असतो ते आठवून बघा. वर गणपती, खाली उंची पाच फूट सात इंच, रास, नाडी, गण, मामांचं आडनाव आणि त्यांचं गाव, शेती साडेतीन एकर, त्यातली बागायत किती नि जिरायत किती, पुण्यात वन बीएचके आणि तो स्वतःचा. विशेषण फार तर एक, ‘निर्व्यसनी’. बाकी सगळं पडताळून पाहता येईल असं. वाचणारा मामांच्या गावात ओळख काढतो, एक फोन लावतो आणि तासाभरात खरंखोटं करून घेतो. म्हणजे नेमकं लिहायची कला आपल्या घरोघरी आहे. तीच माणसं नोकरीसाठी लिहायला बसली की मात्र एकरांचा हिशेब विसरतात आणि ‘टु वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट’ सुरू होतं. आपल्या तोंडानं आपलं सांगू नये हा संस्कार आड येतो म्हणावं, तर ‘हार्डवर्किंग’ ही तरी दुसरी कसली फुशारकी आहे? संकोचापायी आकडे दडवले जातात आणि त्या रिकाम्या जागेत बढाई येऊन बसते. चारशे नग मोजले म्हणणं ही फुशारकी नव्हे, ती माहिती आहे.

आणि नोकरीचा बायोडाटा वाचणारा मामांच्या गावात फोन करत नाही. नोकरी डॉट कॉम १९९७ सालचं, लिंक्डइन २००३ सालचं. दोन्हीकडे पलीकडच्या बाजूला बसलेल्या एचआरच्या मुलीसमोर हजारो माणसं असतात आणि हातात शोधायची एक चौकट. तिच्या साहेबानं तिला सांगितलेलं असतं: मशीन शॉपचा क्वालिटी इन्स्पेक्टर हवा, दोन ते पाच वर्षं, पीपॅप (नवा पार्ट गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घ्यायची पद्धत) माहीत असलेला, पुण्याजवळचा, महिन्याभरात येऊ शकणारा. ती चौकटीत ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’ किंवा ‘क्वालिटी इंजिनियर’, आणि ‘पीपॅप’, असं लिहिते. अनुभव, शहर, पगार, नोटीस पिरियड यांच्या चाळण्या लावते. ‘सिन्सिअर’ हा शब्द ती आयुष्यात कधी शोधत नाही. कुणीच शोधत नाही. कंपनीनं दिलेला ‘सीनियर असोसिएट, ग्रेड टू’ असला हुद्दाही कुणी शोधत नाही, त्यामुळे हुद्दा तोच ठेवावा लागला तरी त्याच्या शेजारी बाजारात चालणारं नाव लिहावंच लागतं. लघुरूपांचं तसंच. कुणी ‘सीएमएम’ शोधेल, कुणी ‘को-ऑर्डिनेट मेझरिंग मशीन’; मापं घेणारं यंत्र तेच. प्रोफाइलमध्ये कुठे ना कुठे दोन्ही एकेकदा यायला हवीत.

आता त्या आईचं वाक्य हातात घेऊन बघू. ‘भोकं मोजतो.’ समजा ते ३२ मिलिमीटरचं बोअर आहे, फिट एच-७. म्हणजे ते ३२.००० ते ३२.०२५च्या मध्येच बसलं पाहिजे, सगळी मुभा २५ मायक्रॉनची, डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. बोअर गेज नेमक्या मापाच्या सेटिंग रिंगमध्ये घालून शून्याला लावायचं, मग भोकात घालून हलकेच डोलवत काटा जिथून परत फिरतो ते वाचायचं. भोक लहान राहिलं तर पुन्हा मशीनवर चढवता येतं. मोठं झालं की नग भंगारात. आणि मोठं झालेलं कुणाच्या नजरेतून सुटून गिऱ्हाईक कंपनीच्या लाइनवर पोचलं, की रात्रीचा तो फोन येतो: माणूस पाठवा, इथं पडलेला सगळा माल निवडून द्या. मग चुकीचं मूळ शोधणारा एट-डी रिपोर्ट. आईनं ‘मोठं सुटलं’ म्हटलं होतं, ‘लहान’ नव्हे. जेवता जेवता ऐकून ऐकून तिला टॉलरन्सची, म्हणजे त्या मुभेची, बाजूसुद्धा ठाऊक झाली होती.

हे सगळं लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये, म्हणजे नावाखालच्या ओळीत, मावतं. तिला जागा २२० अक्षरांची. काही लिहिलं नाही तर साइट आपणहून हुद्दा आणि कंपनीचं नाव टाकून मोकळी होते, आणि बहुतेकांची तशीच राहते. त्या मुलाची अशी होऊ शकली असती: ‘क्वालिटी इन्स्पेक्टर, मशीन्ड पार्ट्स | बोअर गेज, हाइट गेज, जीडी अँड टी | पीपॅप, एट-डी | शिरवळ, पुणे’. (जीडी अँड टी म्हणजे ड्रॉइंगवर आकार आणि जागेची मुभा दाखवणारी चिन्हं.) हुद्दा पहिला, कारण मोबाइलवर आणि शोधाच्या यादीत सुरुवातीचाच तुकडा दिसतो. ‘पुणे’ मुद्दाम. शिरवळ पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर, रोज बसनं जाणारे आहेत. पण पुण्याची चाळणी लावणाऱ्या एचआरला शिरवळ नावाचं गाव दिसतच नाही. नोकरी डॉट कॉमवर ‘सध्याचं ठिकाण’ आणि ‘पसंतीचं ठिकाण’ असे दोन वेगळे रकाने असतात, आणि दुसरा भरायला विसरणारे बरेच. सीएमएम मात्र वरच्या ओळीत घातलेलं नाही. त्या यंत्राच्या खोलीत नुसतं उभं राहून रिपोर्ट आणला असेल, तर मुलाखतीत ‘प्रोब कॅलिब्रेट कसा करता?’ या एका प्रश्नावर सगळा डोलारा कोसळतो, आणि मग बोअर गेज खरंच येतं यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

खालच्या ‘अबाउट’मध्ये २,६०० अक्षरं बसतात. म्हणून ती भरायचीच असं नाही. पहिल्या तीनेक ओळी दिसतात, बाकीचं ‘सी मोअर’च्या पडद्याआड. तीन वर्षं मशीन शॉपमध्ये, इन-प्रोसेस आणि फायनल इन्स्पेक्शन, तीन मशीन, शिफ्टला साधारण चारशे नग, दुचाकीचे पार्ट, एवढं त्या तीन ओळींत आलं की बाकीचं वाचलं जातं. हे इंग्रजीत लिहावं लागतं, कारण शोधणारा इंग्रजीत शोधतो, आणि इथं गावाकडच्या मुलांची छाती दडपते. खरं तर नामं आणि आकडे यांना व्याकरण फारसं लागतच नाही. ‘थ्री मशीन्स, फोर हंड्रेड पार्ट्स पर शिफ्ट’ यात चुकायला जागा कुठे आहे? चुका होतात त्या ‘आय अ‍ॅम हॅविंग’पासून सुरू होणाऱ्या लांबलचक वाक्यांत. हल्ली ती वाक्यं एआयकडून लिहून घेतात. चुका जातात, पण प्रत्येक जण ‘रिझल्ट्स-ड्रिव्हन प्रोफेशनल’ होऊन बसतो. झेरॉक्सवाल्याची जुनी फाइलच ती, फक्त इस्त्री केलेली.

आकड्यांतही एक मेख आहे. ‘रिजेक्शन ४० टक्क्यांनी कमी केलं’ असं लिहिलं की जाणता माणूस लगेच विचारतो, कितीवरून कितीवर, किती दिवसांत, आणि त्यात तुझा हात कुठला? मूळ आकडा सांगता येत नसेल तर टक्केवारी लिहूच नये. रोजचे नग, मशीन, शिफ्ट, हाताळलेली उपकरणं, एवढंही भरपूर होतं. आणि जो आकडा सांगता येतो तो सांगायचा हक्क आपला आहे का, हेही बघावं. गिऱ्हाईक कंपनीचं नाव, ड्रॉइंग नंबर, टेबलावरच्या पार्टचा फोटो, हे कंपनीच्या मालकीचं. मशीनसमोर हौसेनं काढलेल्या फोटोत मागे ड्रॉइंग टांगलेलं असतं, आणि झूम केलं की मापं वाचता येतात. ‘दुचाकी कंपनीला पुरवठा’ एवढ्यानं काम भागतं.

कंपनीच्या नावाचा गुंता याहून मोठा.

चाकण, रांजणगाव, शिरवळ, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा. गेटवर नाव मोठं, गणवेशावर नाव मोठं, आणि पगार येतो तो ठेकेदाराच्या खात्यातून. मुलगा प्रोफाइलवर मोठं नाव लिहितो. त्यात त्याला खोटेपणा वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलतही नाही; तीन वर्षं त्याच छताखाली उभा आहे तो. पण पडताळणी करणारा पीएफची नोंद बघतो. २०१४पासून पीएफच्या प्रत्येक खातेदाराला यूएएन हा एकच कायमचा क्रमांक आहे, आणि त्यावर कुठल्या आस्थापनेत कधी लागला, कधी सुटला याची नोंद असते. तिथं ठेकेदाराचं नाव निघतं आणि हातातोंडाशी आलेली ऑफर ‘मिसमॅच’ या एका शब्दावर अडकते. नियोक्ता म्हणून ठेकेदाराचं नाव आणि खाली वर्णनात ‘अमुक प्लांटमध्ये नेमणूक’ असं लिहिलं की दोन्ही खरं राहतं. अप्रेंटिसशिपचं आणखी वेगळं. अप्रेंटिस कायद्याखालच्या त्या काळाचा पीएफ कापला जात नाही, म्हणून तो यूएएनवर दिसत नाही. तिथं पुरावा प्रमाणपत्राचाच. महिने आणि वर्षंही नोंदीशी जुळवून लिहावीत. ‘२०२१ ते २०२४’ असं ढोबळ लिहिलेलं मुलाखतीत खपतं, पडताळणीत अडतं.

नावाचंही असंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पॅनवर भलताच क्रम, प्रोफाइलवर टोपणनाव. बायकांच्या बाबतीत तर पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या, आणि जुन्या सहकाऱ्यांना माहेरचंच आडनाव माहीत. लिंक्डइनवर जादा नावाचा एक रकाना आहे, तो याच्यासाठीच. तिथं जुनं आडनाव टाकलं की शोधणाऱ्याला माणूस सापडतो. मुलं लहान म्हणून चार वर्षं घरी राहिलेलीला आणखी एक रकाना, ‘करिअर ब्रेक’, २०२२ साली मिळाला. त्यात कारण निवडता येतं, पालकत्व, कुणाची शुश्रूषा, आजारपण. चांगली सोय आहे. पण कारणासमोर टिचकी मारताना हात थबकत असणार. रकाना रिकामा ठेवला तर ‘गॅप का?’ विचारतात, भरला तर पुढचं विचारत नाहीत, मनात धरतात. तरी भरलेला बरा असं माझं मत आहे, कारण रिकाम्या चार वर्षांत वाचणारा हवं ते भरतो.

फोटोबद्दल थोडक्यात, कारण लोक त्यावर गरजेपेक्षा जास्त जीव टाकतात आणि नेमकं चुकीच्या ठिकाणी. स्टँडजवळच्या स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर बसवून संगणकावर अंगात कोट-टाय चढवून देतात. मान एका दिशेला आणि कॉलर दुसऱ्या. तो नको. लग्नातला कापलेला फोटोही नको, खांद्यावर मित्राचा हात उरतो. सकाळी खिडकीकडे तोंड करून साध्या भिंतीपासून दोन पावलं पुढे उभं राहावं, दुसऱ्या कुणी तरी चार-पाच फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून फोटो काढावा. सेल्फीत फोन जवळ येतो म्हणून नाक मोठं दिसतं. भिंत पांढरी असेल तर शर्ट रंगीत. ४०० बाय ४०० पिक्सेल पुरे, चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग चेहऱ्यानं भरला म्हणजे झालं.

खरी पंचाईत फाइलची. झेरॉक्सच्या दुकानात नक्षीदार दोन कॉलमी साचा मिळतो. डावीकडे रंगीत पट्ट्यात फोन, ईमेल, कौशल्यांपुढे ठिपके, पाचपैकी चार ठिपके भरलेले. माणसाला ते देखणं दिसतं. पण बऱ्याचदा अर्ज आधी यंत्र, म्हणजे अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर, वाचतं. त्याला कॉलम कळत नाहीत, ते कधी कधी सरळ आडवं वाचत जातं आणि ‘बोअर गेज’च्या पोटात ‘मु. पो.’ घुसतो. पानाच्या हेडरमध्ये घातलेला फोन नंबर काही प्रणाली वाचतच नाहीत. ठिपक्यांचं तर काय, पाचपैकी चार मायक्रोमीटर म्हणजे किती? छापील कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ तर यंत्राला नुसतं चित्र. एक सोपी परीक्षा आहे. पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट करायचं, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचं. तिथं जे आणि ज्या क्रमानं उमटेल, यंत्राला साधारण तेच दिसतं. मराठीत काही लिहिलं असेल आणि दुकानात जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट असेल, तर तिथं कंस, टिंबं आणि तुटक्या रोमन अक्षरांची भेळ दिसते. एका कॉलमचा, साध्या शीर्षकांचा, वर्डमधून थेट पीडीएफ केलेला कागद कुरूप दिसतो खरा, पण पोचतो. वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक, पूर्ण पत्ता आणि ‘आय हियरबाय डिक्लेअर’ काढून टाकलं की दीड इंच जागाही मिळते. आधार आणि जन्मतारीख तर अनोळखी लोकांच्या हाती जाणाऱ्या कागदावर कधीच नको. लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, नोंदणीची फी भरा म्हणणारे फोन अशाच कागदांच्या वाटेनं येतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही. मागितले की फोन ठेवावा.

मागच्या पिढीकडे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड असायचं. ठरावीक मुदतीनं ते रिन्यू करायला रांगेत उभं राहायचं, मुदत चुकली की नंबर मागे. आता ती रांग मोबाइलमध्ये आली आहे आणि मुदत रोजची झाली आहे. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल शेवटचं कधी बदललं, माणूस कधी येऊन गेला हे पलीकडे दिसतं, आणि अलीकडे सक्रिय असलेल्यांपुरती चाळणीही लावता येते. म्हणून पोरं सकाळी चहाच्या आधी हेडलाइनमधला एक स्वल्पविराम काढतात, सेव्ह करतात. दुसऱ्या दिवशी तोच परत घालतात. तुळशीला पाणी घालावं तसं. हसू येतं आणि वाईटही वाटतं, पण याचा उपयोग होत नाही असं काही म्हणता येत नाही. फक्त शोधायचे शब्दच प्रोफाइलमध्ये नसतील तर रोजचं पाणी कुंडीबाहेर जातं. लिंक्डइनच्या हिरव्या कड्याबद्दलही मन असंच दुभंगलेलं. ‘ओपन टु वर्क’ सगळ्यांना दाखवता येतं, किंवा फक्त रिक्रूटरना. दुसऱ्या पर्यायात आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न साइट करते, मात्र हमी देत नाही. नोकरीत असलेल्यानं मोठे बदल करण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन बदलांची बातमी ओळखीच्यांना धाडणारं बटण बंद करावं. नाही तर जुन्या नोकरीचा हुद्दा नुसता दुरुस्त केला आणि सुपरवायझरकडून ‘काँग्रॅट्स’ आलं, असं होतं.

त्या दिवशी दुकानात एवढं सगळं बोलायला वेळ कुणाला होता? रांग वाढत होती. “हॉबी काय टाकू?” दुकानदारानं विचारलं. मुलानं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “टाका काही पण.” ‘रीडिंग, क्रिकेट’ आधीच्या माणसाचीच राहिली. पाच प्रती, साठ रुपये. फाइल ‘बायोडाटा न्यू १४’ या नावानं डेस्कटॉपवर बसली, फोन नंबर आणि पत्त्यासकट, पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत.

बाहेर पायरीवर उभं राहून मुलानं कागद पहिल्यांदा नीट वाचला. शेवटी सहीच्या वर ‘ठिकाण: सांगली’ होतं, आधीच्याचं. त्यानं खिशातून पेन काढलं, पाचही प्रतींवर सांगली खोडून सातारा लिहिलं, एका हातानं कागद पाठीमागच्या शटरवर दाबून धरत. आई पिशवी सावरत विचारत होती, “मी सांगितलं ते लिहिलं का रं त्यांनी?” तो “हो” म्हणाला आणि कागदांची घडी घालायला लागला.